पुण्यात दर रविवारी झाडं-माती-टेकडीचं काम करायचंय, कुठे जाऊ?

कोथरूडची_नवी | ८ जून, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच नागपूरहून पुण्यात राहायला आलो. पाच जूनला ऑफिसने पर्यावरण दिनाचं वृक्षारोपण ठेवलं होतं. खड्डे आधीच खणलेले, रोपं रांगेत मांडलेली. आम्ही प्रत्येकी एक रोप खड्ड्यात ठेवलं, फोटो झाला, नाश्ता झाला, बस परत. या रोपांकडे आता कोण बघणार असं मी तिथल्या माणसाला विचारलं, तर त्याला ते माहीत नव्हतं. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

मला असं काम हवंय जिथे दर आठवड्याला तीच जागा असेल आणि लावलेल्याचं पुढे काय झालं हे बघता येईल. रविवारी सकाळचे दोन-तीन तास नक्की देता येतील. अकरा वर्षांची मुलगी सोबत येईल. मातीत हात घालायची सवय आहे, नागपूरला घरामागे वांगी, टोमॅटो, पालक असायचाच. इथे फ्लॅटला एक छोटी बाल्कनी आहे, म्हणून सोसायट्यांमध्ये किंवा मोकळ्या जागेत लोक एकत्र भाजीपाला करतात का, तेही सांगा. टेकडी, नदी, बाग, काहीही चालेल.

रोज_टेकडी | ८ जून, सकाळी १०:०५

ताई, पुण्यात स्वागत. कोथरूडहून तुम्हाला म्हातोबा टेकडी आणि वेताळ टेकडी अगदी पायाखाली आहेत. पहाटे फिरायला येणाऱ्यांचे तिथे लहान-लहान गट आहेत, बहुतेकांना नाव-बोर्ड काही नाही. खांद्यावर पाण्याचा कॅन घेतलेला माणूस दिसला की थांबवून विचारा, तो लगेच तुम्हाला कामाला लावेल.

तुमचा प्रश्न नेमक्या जागी लागलाय. जूनमध्ये झाडं लावायला शंभर माणसं येतात. फेब्रुवारी ते मे पाणी घालायला चार. पुण्यात पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत उरकतो. टेकडीवर माती वीतभर, खाली कातळ. पहिले तीन उन्हाळे रोप माणसाच्या पाण्यावर जगतं. आमचा हिशेब साधा आहे: आळं नीट केलेलं, वर सुक्या गवताचं किंवा पाल्याचं जाड आच्छादन, आणि झाडामागे आठवड्याला पाचेक लिटर. आच्छादन नसेल तर तेच पाणी दोन दिवसांत उडून जातं. रोपाभोवती दगड रचले तर ओल आणखी टिकते, मात्र वाळवी बघत राहावी लागते.

म्हणून नव्याने येणाऱ्याला मी रोप देत नाही. आधी लावलेलं एखादं अर्धवट जगलेलं झाड देतो आणि सांगतो की हे तुमचं. मुलीला असंच एक झाड देऊ.

गवताळ | ८ जून, सकाळी ११:३०

रोज_टेकडी काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो, कारण माझ्या मते पुण्याच्या टेकड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झाडं लावण्याच्या हौसेने झालंय.

या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नाहीत. मोकळं गवत, मधूनमधून हिवर, बोर, खैर, उतारांवर सालई आणि मोई, ओघळींमध्ये पळस, असं हे रान. तित्तर, चंडोल, माळटिटवी हे पक्षी मोकळ्या जागेवर जमिनीवरच अंडी घालतात. पावसाळ्यात कातळावरच्या बोटभर मातीत मुसळी, आमरी फुलतात. तिथे ओळीने खड्डे घेऊन सावली केली की हे सगळं निघून जातं. गवत उपटून, चर खणून, वर रोप लावून "हिरवं केलं" म्हणायचं, हे बघवत नाही. गवत हिरवंच असतं की. मे महिन्यात ते पिवळं पडतं, तो त्याचा धर्म आहे.

आणि आजवर लावलं काय? उंदीरमारी! म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची. पाणी लागत नाही, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, भराभर वाढते, म्हणून दशकांपूर्वी टेकड्यांवर भरमसाट लावली गेली. आज त्या पट्ट्यात जाऊन बघा. उन्हाळ्यात नुसत्या काठ्या, आणि खाली ना गवत ना झुडूप.

तर कोथरूडची_नवी, माझा सल्ला: खड्डे खणायला जाऊ नका, तण काढायला या. त्यावर सविस्तर संध्याकाळी लिहितो.

चिंचगुळाची_आमटी | ८ जून, दुपारी १२:१५

गवताळ +१. माळरानाला "पडीक" म्हणणं आधी थांबायला हवं.

रोज_टेकडी | ८ जून, दुपारी १:४०

@गवताळ, माळावर झाडं नकोत हे मला मान्य आहे. माथ्यावरच्या सपाटीवर आम्ही एकही खड्डा घेत नाही. पण टेकडीच्या उत्तरेच्या उतारांवर आणि ओढ्यांच्या कडेने तुटलेलं रान होतं, तिथे मोई, सालई, मेडशिंगी, पांगारा लावणं चुकीचं कसं?

उंदीरमारीचंही ऐका. ती लावली तेव्हा टेकड्या उघड्याबोडक्या होत्या, चराई बेसुमार, माती वाहून चालली होती. तिने माती धरली आणि मुळांवाटे नत्र दिलं. आता तिची पाळी संपली, हे कबूल. म्हणून आम्ही तिच्याच विरळ सावलीत देशी रोपं वाढवतो. ती मोठी झाली की वरची उंदीरमारी वन विभागाला सांगून विरळ करून घ्यायची. एकदम तोडायला गेलात तर पहिल्याच पावसात माती खाली रस्त्यावर येईल.

वकीलसाहेब_नाही | ८ जून, दुपारी २:२०

एक गोष्ट इथेच नोंदवतो, पुढे कामाला येईल. टेकडीचा काही भाग वन विभागाचा, काही महापालिकेचा, काही खाजगी. वनजमिनीवर परवानगीशिवाय खड्डा काय, रोपही लावता येत नाही. आणि झाड परदेशी आहे म्हणून ते कुणी आपणहून तोडू शकत नाही. शहरी भागांसाठी १९७५ चा झाडे संरक्षण व जतन कायदा आहे, त्यात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण आहे. तेव्हा ज्या गटासोबत जाल त्यांना पहिल्याच दिवशी विचारा, परवानगी कुणाची घेतली आहे? नीट काम करणारे गट कागद दाखवतात.

गवताळ | ८ जून, रात्री ९:१०

@रोज_टेकडी, ओढ्यांच्या कडेबद्दल आपलं एकमत आहे. आपण दोघं एकाच टेकडीवर फिरतो आणि भेट झाली नाही, हे आश्चर्य आहे.

आता तणांबद्दल. पावसाळ्याच्या शेवटी टेकड्यांवर, सिंहगडाच्या वाटेवर पिवळी-केशरी फुलं पसरलेली दिसतात, लोक त्यात उभं राहून फोटो काढतात. ती सोनकी (आपलं देशी पिवळं रानफूल) समजू नका. तो कॉसमॉस, बागेतून सुटलेला, हाही मेक्सिकोकडचा. एकेका झाडाला ढीगभर बी येतं, आणि जिथे तो दाटतो तिथे खालचं गवत दिसेनासं होतं. सोनकी गुडघ्याच्याही खाली राहते, कॉसमॉस कमरेपर्यंत जातो, पानं झेंडूसारखी चिरलेली. इतका फरक लक्षात ठेवला की पुरे.

तो काढायचा काळ फार छोटा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोप हातभर झालं की ओल्या मातीतून मुळासकट सहज येतं. फूल आलं तरी काढता येतं. बी धरलं की मात्र हात लावू नका, उपटताना तुम्हीच बी पेराल. उपटलेली रोपं मुळं वर करून कातळावर वाळवायची. एका तुकड्यावर सलग तीन-चार पावसाळे काढत राहिलात तर जमिनीतला बियांचा साठा संपत येतो आणि गवत परत येतं. हे आमच्या तुकड्यावर आम्ही बघितलंय. मुलांना हे काम फार आवडतं, कारण उपटणं त्यांना मनापासून येतं.

गाजरगवताला मात्र मुलीला हात लावू देऊ नका. ते १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं, आज देशभर आहे. अंगाला खाज, पुरळ, काहींना दमा. मोठ्यांनीसुद्धा हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच काढावं, तेही फुलं यायच्या आत.

अळूवडी_फॅन | ८ जून, रात्री ९:४५

बापरे, आमच्या सासूबाई गौरीच्या सजावटीला दरवर्षी तीच केशरी फुलं टेकडीवरून आणतात! आता त्यांना सांगते, मुळासकट आणा. गौरीही सजतील आणि टेकडीही सुटेल. :)

गवताळ | ८ जून, रात्री ९:५२

@अळूवडी_फॅन, सासूबाईंना आमच्या गटाचं मानद अध्यक्षपद देऊ.

गच्ची_ते_ताट | ९ जून, सकाळी ७:३०

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहिते. मोठी पोस्ट आहे.

आमच्या सोसायटीत (सिंहगड रोड) मागच्या भिंतीलगत एक पट्टा पडून होता, तिथे राडारोडा टाकलेला असायचा. आम्ही चार-पाच जणींनी कमिटीकडून तो वर्षभरासाठी मागून घेतला. लेखी घेतला, ही महत्त्वाची गोष्ट. कमिटी बदलली तरी बाग राहावी म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या.

पहिलं वर्ष भाजी लावलीच नाही, माती केली. सोसायटीतला सुका पाला आधी जाळला जायचा किंवा गाडीत जायचा, तो जाळीच्या उंच पिंजऱ्यात भरला. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड रोज फुकट मिळतं, त्यालाही ते कुठेतरी टाकायचंच असतं. त्यावर घराघरांतला ओला कचरा, थोडी जुनी माती, आणि जीवामृत. जीवामृताचं प्रमाण विचारतात म्हणून देते: २० लिटर पाण्याला एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पाव किलोच्या आत गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर वडाखालची किंवा बांधाची माती. सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी दहापट पाण्यात घालून वापरायचं. पिंपावर कापड बांधा, नाहीतर पहिल्या मजल्यावरचे शेजारी वासाची तक्रार घेऊन येतात. ढिगाला वास येतोय म्हणजे ओलं जास्त झालंय, पाला वाढवायचा. मुंग्या आल्या तर फार कोरडं झालंय, पाणी मारायचं.

आता भाजीवरून भांडणं. होतातच. पहिल्या टोमॅटोच्या वेळी ज्यांनी कधी झारी धरली नव्हती तेही पिशवी घेऊन आले. मग नियम केला: त्या आठवड्यात ज्यांनी काम केलं त्यांना वाटा, उरलेलं आधी सुरक्षारक्षक आणि सफाईच्या मावशींच्या घरी, त्यानंतर मागेल त्याला. सफाईच्या मावशींपैकी एक मुळशीकडच्या, शेतकरी घरातल्या. वालाचे वेल मांडवावर कसे चढवायचे, मिरचीचा शेंडा कधी खुडायचा, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. त्यांचा वाटा सगळ्यात आधी निघतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

गच्चीवर करणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. ओली माती घनमीटरला दीड टनाच्याही वर जाते. गच्चीवर मातीचे वाफे न करता पालापाचोळ्याचं हलकं मिश्रण, कुंड्या खांब-तुळयांच्या वर आणि खाली पाणी साचणार नाही अशी जागा, हे पाळलंत तर गळतीवरून वरच्या मजल्यावरच्यांशी वैर येत नाही.

शेवगा | ९ जून, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. बेसन वापरायचं ठाऊक होतं, पण भजी करून. इतकं स्पष्ट प्रमाण पहिल्यांदा मिळालं, धन्यवाद.

माणदेशी_माती | ९ जून, दुपारी १२:५०

मी माण तालुक्यातला, सातारा जिल्हा. शहरातल्या लोकांना एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

२०१६ ला पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, म्हणजे श्रमदानाने पाणी अडवण्याची गावागावांतली स्पर्धा, तीन तालुक्यांत सुरू झाली: वरुड, अंबाजोगाई आणि आमच्याच जिल्ह्यातलं कोरेगाव. पुढे ती वाढत गेली, २०१९ पर्यंत चालली. एक मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईहून जलमित्र (श्रमदानाला येणारे स्वयंसेवक) यायचे, गाड्या भरभरून. काहींना टिकाव धरता येत नव्हता, तळहाताला फोड यायचे, पण उन्हात उभे राहायचे. गावातली जी माणसं बांधावर बसून बघत होती तीही मग उतरली, की हे बाहेरचे येऊन आपल्या गावात खणतायत आणि आपण बसायचं कसं! त्या माणसांचा हा उपयोग फार मोठा होता. त्यांनी किती माती उचलली याच्यापेक्षा मोठा.

पण चर खणला की काम संपत नाही. सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीवर खणलेले) दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतात. दगडी बांधांतले दगड निसटतात. गाळ काढायला, बांध सावरायला तेव्हाएवढी माणसं आता येत नाहीत. स्पर्धा नाही, कॅमेरा नाही. तुमच्यापैकी कुणाला खरंच श्रमदान करायचं असेल तर मार्च ते मे या काळात, गर्दी नसताना एखाद्या गावाशी नातं जोडा आणि दरवर्षी त्याच गावाला या. फावडं, घमेलं, टिकाव गावात मिळतं. पाण्याची बाटली, टोपी आणि बूट स्वतःचे आणा. आणि आधी फोन करून या, म्हणजे कुठल्या शिवारात काय काम आहे ते ठरवून ठेवता येतं.

ज्या गावांनी पाणी आल्यावर पीक ठरवलं, उसाच्या मागे लागली नाहीत, त्यांच्या विहिरी अजून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जातात. बाकीच्यांनी पाणी अडवलं तेवढं उपसलं. हा विषय वेगळा आहे, पण श्रमदानाला येणाऱ्याने गावात हा प्रश्न जरूर विचारावा. बाहेरच्या माणसाने विचारलं की लोक ऐकतात.

रोज_टेकडी | ९ जून, दुपारी १:३०

माणदेशी दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. येत्या मार्चमध्ये आमच्या गटातले काही जण नक्की येऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खाडीकाठचा | ९ जून, संध्याकाळी ६:१५

अवांतर: ठाणे-मुंबईतल्या वाचकांसाठी. आमच्याकडे तिवरांत (खाडीतल्या खारफुटीत, म्हणजे कांदळवनात) अडकलेलं प्लास्टिक काढायचं काम वर्षभर असतं. तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, त्यांच्याभोवती पिशव्या गुंडाळल्या की झाड गुदमरतं. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, त्यांना कळवून गट जातात. ओहोटीची वेळ बघूनच उतरायचं, गमबूट हवेतच, आणि चालताना त्या मुळांवर पाय देऊ नये. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला, हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी असतात. ते असताना किनाऱ्यावर गोंगाट करू नये, एवढं पथ्य.

किनारा स्वच्छतेचं म्हणाल तर वर्सोव्यात अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सुरुवात केली, तेव्हा किनाऱ्यावर कचऱ्याचे थर होते. लोक दर आठवड्याच्या शेवटी येत राहिले. २०१८ च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसली. तरी अजून प्रत्येक भरतीला कचरा येतोच, कारण तो नाल्यांतून येतो. म्हणून आमचा गट आता नाल्याच्या तोंडाशी आणि वस्तीत जास्त वेळ देतो.

बाणकोटकर | ९ जून, रात्री ८:२०

कासवांचा विषय निघाला म्हणून. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव. कुत्री, कोल्हे आणि माणसं अंडी नेतात म्हणून ती उचलून कुंपणाच्या आत पुरतात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. तिथे जाणाऱ्याने गावात घरगुती मुक्काम करावा, घरचं जेवावं, पिल्लं दिसली नाहीत तर रुसू नये. पाहुण्यांचे पैसे गावात राहतात म्हणून गाव ही राखण करतं. फ्लॅश मारू नका, पिल्लाला हात लावू नका.

सिएटलचा_पाऊस | १० जून, सकाळी ६:४०

गच्ची_ते_ताट, तुमची पोस्ट वाचून आमच्या इथल्या पी-पॅचची आठवण झाली. सिएटल शहरात १९७३ पासून सार्वजनिक जागेत सामुदायिक बागा आहेत, पिकार्डो नावाच्या कुटुंबाच्या शेतावर पहिली झाली, त्यावरून नावात 'पी'. थोडं वार्षिक शुल्क भरून छोटा वाफा मिळतो. काही बागांची प्रतीक्षा यादी लांबलचक. अट अशी की सामाईक कामांसाठी वर्षाला ठरावीक तास द्यायचे: वाटा साफ करणे, खताचा ढीग फिरवणे, अवजारांची खोली आवरणे. बरीच भाजी फूड बँकांना जाते, त्यासाठी वेगळे वाफेही राखलेले असतात. वाटपाची भांडणं कमी होण्याचं कारण मला हेच वाटतं, देण्याचा वाटा आधीच बाजूला काढलेला आहे.

मेथी, मुळा, कोथिंबीर इथे झकास येते. अळू थंडीत जातं. शेजारच्या वाफ्यावर एक व्हिएतनामी आजी आहेत, त्यांची कोथिंबीर माझ्यापेक्षा नेहमी चांगली. बियांची देवाणघेवाण चालते, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही.

अळूवडी_फॅन | १० जून, सकाळी ७:१५

अळू थंडीत जातं हे वाचून फार वाईट वाटलं. माझं सदस्यनाम साक्षी आहे.

घाटवाटा | १० जून, सकाळी १०:००

आम्ही ट्रेकला जाताना बियांचे मातीचे गोळे टाकतो. खर्च नाही, परवानगी नाही, हजारो गोळे एका दिवसात. सोपा मार्ग आहे, सगळ्यांनी करावा.

गवताळ | १० जून, सकाळी १०:४५

@घाटवाटा, तुमच्या मनात जंगलाबद्दल प्रेम आहे म्हणून स्पष्ट लिहितो. गोळ्यातलं बी उगवून मोठं होण्याचं प्रमाण फार कमी असतं. कातळावर पडलं तर वाळतं, गवतात पडलं तर मुंग्या-उंदीर नेतात. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे गोळ्यांत काय असतं? बाजारात तयार मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत सुबाभूळ, गुलमोहर असं सहज मिळणारं बी असतं. घाटातल्या राईत सुबाभूळ गेली की ती काढणं आपल्या नातवंडांच्या वाट्याला येतं. करायचंच असेल तर त्याच घाटात पडलेलं बी, त्याच उंचीवर, जिथे जंगल तुटलंय तिथे, आणि वन विभागाला विचारून.

घाटवाटा | १० जून, सकाळी ११:२०

सुबाभळीचं ठाऊक नव्हतं. गटात मांडतो. मग पावसाळ्यात ट्रेकवाल्यांनी काय करावं?

माणदेशी_माती | १० जून, सकाळी ११:५५

किल्ल्यांवरचा कचरा खाली आणा. टाक्यांतला गाळ पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने काढा. ट्रेकवाल्यांना उंचावर जायची सवय असते, ती इथे उपयोगी पडते.

नदीकिनारी | १० जून, दुपारी ४:३०

सरकारी वृक्षलागवडीचा कुणी विषय काढला नाही अजून? २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला १३, २०१९ ला ३३ कोटींचं उद्दिष्ट होतं. तेव्हा शाळेतून आम्हालाही नेलं होतं. आज मी कॉलेजात आहे. मुलांना झाड लावायला न्या, पण त्यांना पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे परत न्या. आम्हाला कधीच परत नेलं नाही. मी स्वतःहून जाऊन आले. आमच्या वर्गाच्या रांगेतला एक कडुनिंब आहे.

रोज_टेकडी | १० जून, संध्याकाळी ५:१०

@नदीकिनारी, एक जगला. त्याच्या बुंध्याशी गवत वाढलं असेल तर काढा आणि उन्हाळ्यात पाणी घाला. आता तो तुमचाच.

आणखी एक राहिलं, वणवा. फेब्रुवारीनंतर वाळलेलं गवत एका विडीने पेटतं आणि तीन वर्षांची मेहनत तासाभरात जाते. हिवाळ्याच्या शेवटी वन विभाग जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढतो, तेव्हा हात लागतात. पेटलेलं दिसलं तर १०१ ला आणि वन विभागाच्या १९२६ ला फोन करा. ओल्या फांदीने झोडपून विझवायचं असतं, पण ते सरावलेल्या माणसांनीच, वाऱ्याची दिशा बघून. मुलांना लगेच खाली न्यायचं.

कोथरूडची_नवी | १० जून, रात्री १०:००

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी लेकीला घेऊन टेकडीवर येतेय. काका, पत्ता व्यनि केलात तर बरं होईल. गवताळ, जुलैमध्ये तुमच्याकडेही. सोसायटीच्या कमिटीला पट्ट्याबद्दल पत्र लिहायला घेतलंय.

कोथरूडची_नवी | २१ सप्टेंबर, सकाळी ११:२०

धागा वर काढतेय, कारण ज्यांनी लिहिलं त्यांना कळायला हवं.

काकांनी लेकीला एक मोई दिली. मुळात दोन वर्षांपूर्वीची, शेंडा खाल्लेला, कुणी सोडून दिलेली. तिला आता बाजूने तीन नवे फुटवे आलेत. लेक प्रत्येक वेळी दोरीने मोजते आणि वहीत लिहिते. तिच्या वर्गातल्या दोघी आता सोबत येतात.

गवताळच्या तुकड्यावर कॉसमॉस काढला. मला खरं सांगायचं तर लावण्यापेक्षा काढण्यात जास्त समाधान मिळालं. काढलेल्या जागी खालून पवन्या गवत दिसतं तेव्हा कळतं की ते तिथे होतंच. गेल्या रविवारी तित्तराचा आवाज आला, गवताळने सगळ्यांना गप्प बसवलं.

काका आणि गवताळ यांचा वाद अजून मिटलेला नाही. ओघळीच्या वरच्या अंगाला खड्डे घ्यायचे की नाही यावर दोघं प्रत्येक रविवारी चहाला भांडतात. आम्ही नवीन लोक त्यातून खूप शिकतो.

सोसायटीने पट्टा द्यायला नकार दिला, पार्किंग होणार आहे म्हणे. पण पाला जाळणं बंद करायला तयार झाले. दोन जाळीचे पिंजरे लावलेत, एक भरत आला.

गच्ची_ते_ताट | २१ सप्टेंबर, दुपारी १२:४०

पिंजरे लागले म्हणजे अर्धं काम झालं. खत तयार झालं की कमिटीतल्या प्रत्येकाच्या कुंडीत थोडं-थोडं घाला आणि मार्चच्या सभेत पुन्हा विचारा. पार्किंगच्या कडेने दीड फूट रुंदीचा वाफा आणि वर वेलाचा मांडव, गाड्यांना सावली मिळते. आमच्या शेजारच्या सोसायटीने अशीच परवानगी मिळवली. दुधी, दोडका, घोसाळी लावा. भोपळा नको, गाडीवर पडतो.

नदीकिनारी | २१ सप्टेंबर, दुपारी १:१५

पाच ते बारा नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांदरम्यान. कॉसमॉस काढलेल्या तुकड्यावर आणि न काढलेल्या तुकड्यावर त्या आठवड्यात पक्षी मोजूया का? वही मी ठेवते.

गवताळ | २१ सप्टेंबर, दुपारी २:३०

@नदीकिनारी, हे फार छान. दोन्ही तुकडे सारख्या मापाचे घेऊ, सकाळी एकाच वेळी, दोन गट. मोजणाऱ्यांनी आधी जमिनीवरच्या पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकावं लागेल, ऑक्टोबरमध्ये दोन सकाळी त्यासाठी ठेवू.

कोथरूडची_नवी | २१ सप्टेंबर, दुपारी ३:०५

आम्ही येतो. लेक विचारतेय, तिच्या हाताला बसतील असे लहान हातमोजे कुठे मिळतात? मोठ्यांचे घातले की रोप धरता येत नाही.

रोज_टेकडी | २१ सप्टेंबर, दुपारी ३:४०

मंडईच्या बाजूला अवजारांच्या दुकानांत विचारा, रबरी तळव्याचे सगळ्यात लहान मापाचे मागा. तिघींसाठी घेऊन ठेवा, पैसे गटाच्या डब्यातून देऊ.